ताई, महामंडळ घ्या, पण ताळेबंद मागू नका

कारखाना नीट चालवला, बँकेचं कर्ज फेडलं, कामगारांचा पीएफ वेळेवर भरला की काही बायकांना वाटू लागतं, आता थोडं राज्याचंही भलं करावं. निवडणूक झेपणारी नसेल, तर महामंडळाचं अध्यक्षपद हा सरळ रस्ता. मात्र ही पदं येतात कुठून ते आधी समजून घ्या. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ विधानसभेच्या १५ टक्क्यांपुढे वाढत नाही. आपले आमदार २८८, म्हणजे मंत्री फार तर ४३. चव्वेचाळिसाव्यापासून पुढच्यांचा रुसवा काढायला महामंडळं असतात. तुम्ही त्या रांगेत मधेच घुसताय, तेव्हा कोपरं सांभाळा.

बायोडेटात उलाढाल दुसऱ्या पानावर टाका. पहिल्या पानावर जिल्हा, समाज आणि कुठल्या मेळाव्याला किती बसगाड्या दिल्या ते. प्रती तीन काढा: पक्ष कार्यालयाला, पालकमंत्र्यांना आणि नेत्याच्या खाजगी सचिवाला. वाचली जाते ती तिसरी. कारखाना पंपांचा असला तरी बाई म्हटल्यावर सगळ्यांना १९७५ सालचं महिला आर्थिक विकास महामंडळच आठवेल. तिथं हसून मान डोलवा.

व्हॉट्सअॅपवर यादी फिरली म्हणून पेढे आणू नका. ‘राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने’ निघालेला, संकेतांक असलेला शासन निर्णय संकेतस्थळावर दिसेपर्यंत तुम्ही पंपवाल्या बाईच. दिसला की दोनच गोष्टी वाचा: राज्यमंत्री दर्जाचा उल्लेख आहे का, आणि ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द. ते असणारच. लाल दिव्याची आस धरू नका. तो १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाडीवरून उतरलाय.

आता काम. बरीच महामंडळं कंपनी कायद्याखाली नोंदलेली असतात, त्यामुळे आधी संचालक ओळख क्रमांक, मग संमतीपत्र, मग तीस दिवसांत डीआयआर-१२, म्हणजे संचालक आला किंवा गेला हे कंपनी निबंधकाला कळवायचा नमुना. तुमच्या स्वतःच्या कंपनीत हे सीए करतो. इथं कंपनी सचिवाचं पदच बहुधा रिक्त असतं. वर्षाला चार बैठका, दोन बैठकींत १२० दिवसांहून जास्त अंतर नको. बारा महिन्यांत एकाही बैठकीला गेला नाहीत तर पद आपोआप जातं. गेलात तर चहा-बिस्किटं आहेत. सह्यांचे आणि पैशांचे अधिकार व्यवस्थापकीय संचालकांकडे, ते बहुधा आयएएस. तुमच्याकडे फाइल येते ती ‘अवलोकनार्थ’.

इथं हमखास चूक होते. धंद्याची सवय म्हणून बाई पहिल्याच बैठकीत गेल्या वर्षीचा ताळेबंद मागतात. खोलीत शांतता पसरते. कित्येक महामंडळांचे लेखे वर्षानुवर्षं थकलेले असतात. सरकारी हिशेब तपासणारं कॅग दर अहवालात ते लिहितं आणि दर अहवालात ते वाचलं जात नाही. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यायची आणि ‘लेखे अपूर्ण’ म्हणून तहकूब करायची, की सभा वेळेत झाली. ही युक्ती तुमच्या कारखान्यात कुणी केली असती तर त्याला तुम्ही घरी पाठवलं असतंत. इथं त्याला मुदतवाढ द्या.

सगळ्यात उपयोगाचा भाग नातेवाइकांचा. आपले हितसंबंध एमबीपी-१ या नमुन्यात दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत जाहीर करायचे असतात. कायद्याची यादी बघा: नवरा, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण. दीर, जाऊ, नणंद, भाचा, पुतण्या कायद्याच्या लेखी तुमचे कुणीच नाहीत! लग्नात मानपानावरून तीन वर्षं अबोला धरणारी नणंद इथं साफ परकी ठरते. छपाईचं, गाड्यांचं, प्रशिक्षण शिबिरातल्या जेवणाचं काम तिला मिळालं तर तो निव्वळ योगायोग. एकच अडचण: हिंदू अविभक्त कुटुंबाचे सगळे सदस्य मात्र यादीत येतात. दिराला काम द्यायचं असेल तर आधी वाटण्या करून घ्या, त्याही कागदोपत्री. आणि एकाच कामाचे ई-निविदेच्या मर्यादेखाली बसतील असे तुकडे पाडून तीन दरपत्रकं मागवाल, तेव्हा तिन्हींवरचा फोन नंबर वेगळा ठेवा. लेखापरीक्षक नेमके तिथंच बघतात.

सरकार बदललं, किंवा न बदलताच आघाडीतलं वाटप बदललं, की नियुक्ती एका ओळीच्या आदेशानं रद्द होते. ती बातमी तुमच्याआधी ड्रायव्हरला कळते. त्याच आठवड्यात पद गेल्याचा डीआयआर-१२ भरून घ्या. नाहीतर नोंदीत तुम्ही तशाच संचालक राहाल आणि थकलेल्या लेख्यांच्या नोटिसा तुमच्या कारखान्याच्या पत्त्यावर येतील. जेवणावळीच्या बिलांवरचा लेखापरीक्षणाचा आक्षेप यायला आणखी दोनेक वर्षं लागतात. तो सार्वजनिक उपक्रम समितीपुढे गेलाच तर साक्ष अधिकाऱ्यांची होते, आणि त्यांचीही तोवर बदली झालेली असते.