सकारात्मक लिहा म्हणे!

दहापैकी सहा. सहा तर सहा, मार्कांचं मला तसं काही नाही. (आहे. पण ते नंतर.) खाली लाल पेनानं, दोन रेघा ओढून सरांनी लिहिलंय काय, तर 'सकारात्मक लिहा'.

अरे पण विचारलं काय होतं? पर्यावरणाच्या पेपरचं प्रोजेक्ट. पर्यावरण नाहीतर हरित तंत्रज्ञानावरची एक ताजी बातमी घ्या, कात्रण चिकटवा आणि तुमची 'स्वतःची' प्रतिक्रिया लिहा. ते 'स्वतःची' सरांनीच फळ्यावर ठळक करून लिहिलं होतं. मला वाटलं, चला बापा, बालवाडीपासून आजपर्यंत पहिल्यांदा कोणीतरी आपल्याला काय वाटतं ते विचारलं. बाकीच्या पोट्ट्यांसारखं आदल्या रात्री बसले नाही. नीट वाचलं, आकडेमोड केली, स्केलपट्टीनं आकृती काढली. एवढी मेहनत मी गणिताला घेतली असती तर आज घरात शांतता असती.

बातमी घेतली होती पेरोव्हस्काइटची, म्हणजे सोलर सेलसाठी वापरतात त्या एका नव्या स्फटिकी पदार्थाची. एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या लाँगी कंपनीनं सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर देऊन जोडसेल बनवला आणि कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या उन्हाची वीज करण्याचं प्रमाण, गाठली ३४.८५ टक्के. नुसत्या सिलिकॉनची कागदावरची कमाल मर्यादाच २९.४ आहे, आणि आपल्या शेतातल्या सौर प्लेटा वीस-बावीसच्या आसपास घुटमळतात. म्हणजे बातमी मोठी आहे, आणि मी तसं लिहिलंसुद्धा! पहिला परिच्छेद अख्खा कौतुकाचा होता. तो सरांनी वाचला नसावा, कारण तिथे टिचभर टिकमार्कही नाही. लाल पेन थेट दुसऱ्या परिच्छेदात उतरलं.

दुसऱ्यात मी काय पाप केलं ते सांगते. हे जे टक्के असतात ना, ते मोजतात २५ अंशांवर. आणि ते २५ अंश हवेचे नव्हेत, सेलचे. आता आमच्याकडे मे महिन्यात २५ अंश कुठे सापडतात? बँकेत मॅनेजरच्या केबिनमध्ये. हवा ४५ ला टेकली की उन्हातली प्लेट सत्तरीच्या घरात जाते. साध्या सिलिकॉनची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्यानं उतरते. सत्तरातून पंचवीस गेले, उरले पंचेचाळीस, गुणिले ०.३५. पंधरा-सोळा टक्के गेले की नाही भर दुपारी, ऐन ओलिताच्या वेळी? आणि पेरोव्हस्काइटला तर उष्णता आणि ओल, दोन्हींचं वावडं. तो टिकवायचा कसा हाच मोठा प्रश्न आहे, असं ते संशोधकच सांगतात. म्हणून मी एवढंच विचारलं की हा सेल आमचा मे आणि त्यामागून येणारी जुलैची झड, दोन्ही सोसेल का? याची चाचणी विदर्भातल्या एखाद्या वावरात घ्यायला नको का?

हे नकारात्मक!

बरं, मी हवेत बोलत नाही. आमच्या वावरात प्लेटा आहेत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधून आल्या, दहा टक्के आपण भरायचे, बाकी सरकारचे. आणि त्या धुते कोण? मी धुते. वणीकडच्या रस्त्याला वावर असलं की काय होतं ते वणीकडच्यांनाच माहीत. कोळशाचे ट्रक दिवसरात्र. ताडपत्री असते, पण ती ट्रकला दाखवण्यापुरती. ऑक्टोबरात बोंड फुटतं तेव्हा कापूस पांढरा असतो, वेचणीला जाईतोवर राखाडी. व्यापारी तो चिमटीत धरून तोंड वाकडं करतो. तीच धूळ प्लेटांवर. नुसती बसत नाही, दव पडलं की चिकटते, आणि खालच्या पट्टीला तिचा बोटभर काळा थर जमतो. वानरं वरून उड्या मारून जातात त्यांची नक्षी वेगळीच. धुवायचं तेही उजाडता उजाडता, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकायची भीती. बादली, जुन्या धोतराचा बोळा, आणि कोपरापर्यंत काळं पाणी. धुऊन झालं की थोड्या वेळानं मोटरीच्या पाइपाची धार वीतभर पुढे पडते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तेच लिहिलं, आणि त्याचीच आकृती काढली होती. आकृतीशेजारी सरांनी प्रश्नचिन्ह काढलंय. कसलं प्रश्नचिन्ह? प्रश्न काय आहे तो तरी लिहा!

आता नऊ मार्क कोणाला, ते ऐका. आमच्या वर्गातल्या एका महाभागानं हरित हायड्रोजन घेतला, म्हणजे सौर-पवन विजेनं पाणी फोडून काढलेला हायड्रोजन. सुरुवात, 'आज जगासमोर पर्यावरणाचे संकट आ वासून उभे आहे.' शेवट, 'हरित हायड्रोजन ही काळाची गरज आहे.' ही 'काळाची गरज' ऐकली की माझं डोकं सटकतं. वृक्षारोपण काळाची गरज, योगासनं काळाची गरज, हुंडाबंदी काळाची गरज, त्या काळाला आणखी किती गरजा आहेत? पण खरी मजा मधे आहे. त्यानं कोणत्यातरी बातमीवरून सगळं जसंच्या तसं हातानं उतरवलं, आणि मधोमध, त्याच सुवाच्य अक्षरात, लिहून आला, 'हेही वाचा : आजचे सोन्याचे भाव'. हातानं लिहिलं हो! लिहिताना एकदाही हात थांबला नाही. आणि सरांनी त्याच्यावर टिकमार्क केलाय. नऊ मार्क.

त्या हायड्रोजनवर बोलण्यासारखं किती होतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपये, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट. एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर पाणी लागतं, हे अकरावीच्या रसायनशास्त्राचं गणित आहे. गुणाकार केला तर वर्षाला साडेचार हजार कोटी लिटर होतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण देशाच्या शेतीला लागणाऱ्या पाण्यापुढे तो काहीच नाही, हेही मी लगेच सांगितलं असतं. मी काही उगाच घाबरवणारी नाही. पण तो प्रकल्प ज्या गावात येईल त्या गावची विहीर देशाच्या सरासरीवर भरत नाही, एवढं तरी वर्गात कोणी बोलावं की नाही? तिथे आम्ही सोन्याचे भाव वाचतोय.

आणि आता विषय निघालाच आहे तर मागच्या वर्षीचंही काढते. जुलै २०२५ मध्ये बातमी आली की देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून, झाला, ४८४ पैकी २४२ गिगावॅट, तेही २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी. वर्गात टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग हात वर केला आणि म्हटलं, सर, ही क्षमता झाली, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच आहे ना? गोठ्यात चार बैल बांधले म्हणून चारही औताला जुंपले असं होत नाही. तर सर म्हणाले, 'तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे, बस खाली.' चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, त्यासाठीचा कोळसा आमच्या दारावरून, आमच्या कापसावरून जातो. खोट मी काढत नाही हो सर, ती उडून येऊन नाकात बसते.

बसले खाली. तेव्हापासून सरांच्या मनात माझी फाइल तयार असणार.

त्यानंतरचं म्हणाल तर पोस्टर स्पर्धा. विषय, ब्राझीलच्या बेलेममधली सीओपी ३०, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद. बक्षीस कोणाला, तर हिरव्या पृथ्वीच्या तोंडात थर्मामीटर खुपसलेल्या चित्राला. दरवर्षी तेच चित्र जिंकतं, फक्त पोट्टी बदलते. मी लिहिलं होतं की एवढे देश जमले, मंडपाला आगसुद्धा लागली, आणि शेवटच्या ठरावात कोळसा-तेलाचं नाव काही आलं नाही. मला उत्तेजनार्थसुद्धा नाही. कार्यक्रमाचा फ्लेक्स मात्र गेटएवढा, त्याच्यावर 'प्लास्टिकमुक्त परिसर', आणि तो फ्लेक्स आता सायकल स्टँडच्या छपराला आहे. निदान कामी आला, एवढं म्हणेन.

गावातले सौर पथदिवे सांगू का? खांब आहेत, वर प्लेटा आहेत, खालच्या पेट्यांमधल्या बॅटऱ्या पहिल्याच पावसाळ्यात गेल्या. कोणी नेल्या ते अख्ख्या गावाला माहीत आहे आणि कोणीच सांगत नाही. आणि इलेक्ट्रिक बसच्या बातमीवर गटचर्चा घेतात तेव्हा मला हसू येतं. आमच्या फाट्यावर डिझेलवाला लाल डब्बाच थांबत नाही. ड्रायव्हर हातानं 'मागून येते' असं दाखवतो आणि धूर सोडून जातो. मागून येते ती कालीपिली.

२०२४ च्या मेमधलं ते ५६ अंशांचं आठवतं ना? नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवलं, सगळ्यांनी स्टेटस ठेवले, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हा आमच्या ग्रुपवर मी एकटी ओरडत होते, थांबा, तपासू द्या, थांबा. कोणी ऐकलं नाही. उलट एकजण म्हणाला, 'तू कायले लोकाइचा मूड खराब करतं व?' म्हणजे कमी तापलं असं सांगितलं तरी मी नकारात्मकच!

तर हे सगळं डोक्यात घेऊन, वही हातात धरून, फणफणत घरी आले. म्हटलं, बाबा तरी बाजू घेतील. बाबांनी शांतपणे सगळं ऐकलं. लाल अक्षरं पाहिली. आकृती तर दोनदा पाहिली. आणि म्हणाले काय?

"बरोबर केलं सरनं. तुले कोनं सांगतलं होतं आपल्या प्लेटाइले नावं ठेवाले?"

घ्या! मी प्लेटांना नावं ठेवली? मी? जी रोज त्यांना आंघोळ घालते? पण बाबांचं समजू शकते. त्यांची निम्मी जिंदगी रात्रीच्या लाईनच्या मागे गेली. लाईन रात्री यायची म्हणून ओलीतही रात्री. हातात बॅटरी, पायाखाली साप, धुऱ्यावर डुकरं, आणि पलीकडच्या शिवारात वाघ दिसल्याची रोजची बातमी. आता ते दिवसा पाणी देतात आणि रात्री घोरतात. त्यांच्या लेखी त्या प्लेटा म्हणजे घरातला कर्ता मुलगा. त्याच्याबद्दल 'दुपारी पंधरा टक्के कमी पडतो' असं मुलीनं कॉलेजात लेखी दिलं, तर कोणत्या बापाला आवडेल?

मी आवाज चढवून म्हटलं की अहो, आवडतात म्हणूनच मोजते ना, त्या आणखी चालाव्या म्हणूनच विचारते ना! तेवढ्यात आई चुलीपासून म्हणाली, "हिच्या डोक्स्यावरच बसवा एक प्लेट. राती बी मोटर चालन."

यावर काय बोलणार. बाबा हसले, म्हातारी आजी ऐकू येत नसून हसली, मीही हसले, आणि आपण दहापैकी चार मार्कांसाठी अख्खं घर डोक्यावर घेतलंय हे माझ्या लक्षात आलं. हा विषय आमच्याकडे पास-नापासापुरता. टक्केवारीत धरतसुद्धा नाहीत. वर्गातल्या एकाही पोट्ट्यानं वही परत मिळाल्यावर उघडून पाहिली नाही, थेट रद्दीत. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं की पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवा. कोर्टाला वाटलं असेल पोरं विचार करतील. ती एक मी निघाले, तर माझं हे असं.

जेवताना राग बराच उतरला होता. मग ग्रुपवर त्या सोन्याच्या भाववाल्याचा मेसेज आला, 'पार्टी देतो, तर्री पोहा माझ्याकडून', आणि पुन्हा चढला. पोहे खाणार आहे मी. ते वेगळं.

पण सोडणार नाही. सरांनी प्रश्नचिन्ह काढलंय ना, त्याचं उत्तर प्लेटेच्या मागेच चिकटवलेलं आहे. प्लेटेची ताकद कशात मोजली ते मागच्या स्टिकरवर कंपनीनंच छापलंय, ऊन १००० वॅट प्रति चौरस मीटर, सेल २५ अंश सेल्सिअस. वाकून, मान मोडून, मोबाइलनं फोटो काढलाय. कोपऱ्यात गांधीलमाशीचं पोळं होतं, तरी काढलाय. आता त्याची प्रिंट हवी. काळ्या-पांढऱ्यात तो २५ दिसत नाही, काढून पाहिली. आणि कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला रंगीतचे दहा रुपये मागतो, वर म्हणतो, 'मॅडम, लॅमिनेशन करून देऊ का, काळाची गरज आहे.'