केळ्यातील ‘किरणोत्सारा’बाबत खुलासा

केळ्यात किरणोत्सारी (अणूंचे आपोआप विघटन होऊन किरण बाहेर टाकणारे) पोटॅशियम असल्याने मुलांना शिकरण देऊ नये, असा संदेश इंदूरच्या मराठी घरांतून सध्या फिरतो आहे. त्यातले पोटॅशियम खरे, भीती मात्र निराधार. पोटॅशियमच्या प्रत्येक अणूत १९ प्रोटॉन असतात. त्यांपैकी बहुतेकांत २० न्यूट्रॉन, तर २१ न्यूट्रॉन असलेले पोटॅशियम-४० हे किरणोत्सारी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा, न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेला प्रकार) जेमतेम ०.०११७ टक्के आढळते आणि त्याचा अर्धायुष्यकाळ, म्हणजे निम्म्या अणूंचे विघटन व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. एका केळ्यात सेकंदाला साधारण १५ अणूंचे विघटन होते, तर प्रौढ माणसाच्या शरीरात चार हजारांच्या आसपास, आणि तेही केळ्याला हात न लावता! शिवाय निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम बाहेर टाकत असल्याने ते शरीरात साठत जात नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांना केळी वर्ज्य सांगतात, त्याचे कारण निराळे: त्यांची मूत्रपिंडे जादा पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नाहीत. त्याचा किरणोत्साराशी संबंध नाही.