काका, किती काढलंय?

आज संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभा होतो, तर शेजारी एक पांढरी हॅचबॅक येऊन थांबली. मागनं फट् फटाक् फट्, मला वाटलं कुणाची वरात आली. काच खाली झाली, वीस-बावीसचं पोरगं, म्हणतंय, "काका, व्हीटेकवाले तुम्हीच ना? इंजिन उघडून बसला होतासा ते? किती काढलंय?"

किती काढलंय म्हणजे बीएचपी, इंजिनाची ताकद, किती काढली. मी म्हटलं, डायनोवर (ताकद मोजायचं मशीन) चढवली नाही अजून. पोरगं हसलं. वाईट नाही हसलं, पण हसलं. "मग सहा महिने केलं काय?" आणि सिग्नल सुटला, फट् फटाक् करत गेलं पण.

घरी आलो, जेवलो, तरी डोक्यातनं जाईना म्हणून हे लिहितोय. मोठं होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं सरका.

सहा महिने काय केलं. ऐक भावा.

गाडी 2001 ची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक (वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह जास्त उघडायचं होंडाचं तंत्र). कंपनीनं सांगितलेली पॉवर 106. आजच्या हिशोबानं काहीच नाही, आता तीन सिलिंडरची टर्बो त्याच्या पुढं जाते. पण ज्यानं ते इंजिन साडेचार-पाच हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) पुढं ओढलंय त्याला मी काय सांगायची गरज नाही. आणि ज्यानं नाही ओढलं त्याला सांगून उपयोग नाही. तर ही गाडी ऑइल प्यायला लागली, हजार किलोमीटरला लिटरभर, सकाळी स्टार्ट केली की निळा धूर. पिस्टनवरच्या रिंगा गेल्या. वय झालं की जातात, त्यात गाडीचा काय दोष नाही.

पहिल्यांदा मी तेच केलं जे सगळे करतात. घाई. एका ठिकाणी (नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता) ब्लॉक (पिस्टन ज्यात चालतात ते इंजिनाचं धड) दिला, त्यानं विचारलं किती ओव्हरसाइज, म्हणजे सिलिंडरचं भोक, बोअर, किती वाढवू, मी म्हटलं पाव एमएम, त्यानं दोन दिवसात बोअर करून दिला. पिस्टन नंतर आले. बसवले, गाडी चालू, मी खूश. बायकोला घेऊन रत्नागिरीला गेलो, परत येताना आंबा घाटात चढाला गाडी एकदम जड झाली, जशी कुणीतरी मागनं धरलीय, आणि बंद. तीन नंबरचा पिस्टन चिकटला. बायको दोन तास कठड्यावर बसून होती. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग तोच ब्लॉक घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो, बोअरिंगवाल्या मामांकडे. मामांचं दुकान म्हणजे बोर्ड नाही, रंग नाही, आत एक जुनी बोअरिंग मशीन, ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे ब्लॉक रांगेत, आणि कोपऱ्यात मटक्यावर पालथा ग्लास. मी ब्लॉक टेबलावर ठेवला. मामांनी बोटानं बोअर चाचपला, म्हणाले, "पिस्टन कुठायत?" मी म्हटलं मागवलेत, पंच्याहत्तर पॉइंट पाचचे, तुम्ही बोअर करून ठेवा. म्हणाले, "डब्यावरच्या नंबरावर मी बोअर करत नाही. पिस्टन आण, मग ये." आणि ब्लॉक माझ्या हातात परत. उचलून. त्या वयात.

मला राग आला होता हे कबूल करतो. रस्त्यावर ब्लॉक घेऊन उभा, रिक्षावाला डिकीत घेईना. मनात शिव्या घातल्या. पिस्टन यायला सात आठवडे लागले आणि रोज मी म्हणायचो काय आडमुठा म्हातारा आहे.

आता मुद्दा. या इंजिनाचा मूळ बोअर 75 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 84.5. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवला की चार सिलिंडर मिळून वाढतात किती, तर वीस सीसी. 1493 चं 1513 होतं. वीस! त्यानं पॉवर काय ढेकूळ वाढत नाही. म्हणजे बोअरिंग हे ताकदीसाठी नसतंच, ते बोअर परत गोल आणि सरळ करण्यासाठी असतं. पिस्टन आणि भिंतीमध्ये जागा ठेवायची असते दोन-तीन शतांश मिलिमीटर, डोक्याचा केस त्याच्यापेक्षा जाड असतो. कमी ठेवली की पिस्टन तापून फुगतो आणि चिकटतो, जास्त ठेवली की थंडीत खडखड करतो आणि रिंगा लवकर मरतात.

पिस्टन आले. मामांनी चारी डबे उघडले, मायक्रोमीटर काढला, आधी तो स्वतःच्या लेंग्याला पुसला (हसू नका), आणि एकेक पिस्टन स्कर्टवर (खालच्या घेरावर) मोजला. तीन सारखे. चौथा सात-आठ मायक्रॉननं (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान. सगळे एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, डब्यावर सगळीकडे 0.50 छापलेलं. मामा माझ्याकडं बघून बोलले पण नाहीत. मार्करनं पिस्टनवर 1, 2, 3, 4 लिहिलं, ब्लॉकवर पण, आणि ज्याचा त्याला बोअर केला. शेवटचा थोडा होनिंगसाठी (भिंत बारीक घासायला) राखला आणि होन करताना ब्लॉकवर जाड प्लेट बोल्टनं आवळली, हेड (ब्लॉकवरचं व्हॉल्व्हचं झाकण) आवळतात तशीच, तेवढ्याच टॉर्कला. कशाला? कारण हेडचे बोल्ट ताणले की बोअर किंचित वाकडा होतो, मग नुसता मोकळा ब्लॉक गोल करून उपयोग काय. ही प्लेट त्यांनी स्वतः बनवली, माझ्या जुन्या गॅस्केटवरनं भोकं मारून. ट्रक-ट्रॅक्टर करणारा माणूस हा. पैसे किती घेतले विचारू नका, मला लाज वाटते. त्या पोराच्या सायलेन्सरच्या टिपेला जास्त लागले असतील.

सहा महिन्यातला निम्मा वेळ हा असा गेला. वाट बघण्यात आणि मोजण्यात. रिंग बोअरमध्ये सोडायची, उलट्या पिस्टननं ढकलून सरळ करायची, फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तोंडातली फट बघायची, कमी असेल तर कानशीनं एक घास, परत बघायची. चार सिलिंडर. एका रविवारी दोनच झाले माझे. मग व्हॉल्व्ह घासायचे, सीटवर सगळीकडून सारखी राखाडी रेघ उमटेपर्यंत, मग हेड उलटं ठेवून खोलग्यात रॉकेल ओतायचं आणि पोर्टमध्ये ओल येते का बघत बसायचं. मुलगी म्हणायची पप्पा हेडला आंघोळ घालतायत. हेड प्लेन करताना पण "जरा जास्त घ्या, कॉम्प्रेशन वाढेल" म्हणणारे भेटले. वाढतं की. पण हेड खाली आलं की बेल्टवरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मागं सरकतो, टायमिंग हलतं, आणि खालची ओढ जाते. मला रोज चालवायची गाडी आहे, मला शाहूपुरीत दुसऱ्या गिअरला दोन हजारावर ओढणारी पाहिजे, सात हजारावर किंचाळणारी नको. बरं, सात हजारावर किंचाळली तर वाईट वाटणार नाही.

आता त्या फटाक्यांबद्दल बोलतोच. लोकांना वाटतं तो आवाज म्हणजे ताकद. अरे ते ठरवून केलेलं असतं. अ‍ॅक्सिलेटर सोडला की खरं तर पेट्रोल बंद व्हायला पाहिजे, हे लोक ते चालू ठेवतात, ठिणगी उशिरा टाकतात, आणि न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन जळतं. तिथं बसलेला कॅटलिटिक कन्व्हर्टर भाजतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापतात, टर्बो असेल तर तो पण. आणि मिळतं काय? शून्य. शून्य बीएचपी. दवाखान्यासमोरनं, शाळेसमोरनं, रात्री अकराला फट् फटाक्. कोल्हापुरात म्हणतात नाद खुळा. हा नाद नव्हे रे, हा नुसता आवाज आहे! नाद काय असतो ते उद्यमनगरात जाऊन बघ, लेंग्याला मायक्रोमीटर पुसणाऱ्या माणसाकडं.

हां, मान्य, नवीन टर्बो गाडीला नीट माणसानं रिमॅप केला (कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदललं) तर इंजिन न उघडता चांगला फरक पडतो. मान्य. पुढं.

आणि हेही मान्य की जेवढे पैसे घातले त्यात बरी सेकंडहँड गाडी आली असती, हे बायकोनं आधीच सांगितलंय, तुम्ही कमेंटमध्ये सांगू नका.

ट्यूनिंगचं पण ऐका कारण यात सगळ्यात जास्त फेकाफेकी चालते. आता पंपावर ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. ऊस आपलाच, कारखाने आपलेच, त्यामुळं जास्त बोलायची सोय नाही, शेजारी शिरोळवाले बसलेत. पण इथेनॉलला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग, ई20 ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. गाडीचा जुना कॉम्प्युटर हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून भरपाई करतो, पण फुल थ्रॉटलला तो कुणाचं ऐकत नाही, 2001 साली पाठ केलेलं म्हणत बसतो. म्हणजे नेमका जिथं जोर लागतो तिथं मिश्रण कोरडं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. नव्या रिंगा, नवे पिस्टन, आणि घाटात कोरडं मिश्रण, म्हणजे परत कठडा आणि परत बायको गप्प. म्हणून सायलेन्सरला वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं सांगणारा) लावून, बारका कंट्रोलर जोडून, वरच्या आरपीएमला पेट्रोल थोडं वाढवलं आणि टायमिंगला फार हात लावला नाही. जुने रबरी पाइप बदलले. डायनोवर दिसण्यासारखं यात काहीच नाही. पीयूसी मात्र पहिल्या फटक्यात पास झाली.

मग रनिंग-इन, म्हणजे नवे भाग एकमेकांना बसेपर्यंत जपून चालवणं. हजार किलोमीटर. हायवेवर एकाच स्पीडला नाही न्यायची, चढ-उतार पाहिजे, जोर देऊन सोडायचा, जोर देऊन सोडायचा, म्हणजे रिंगा भिंतीला बसतात. रोज पहाटे पन्हाळा. वाघबीळपर्यंत चढायचं, चहा प्यायचा, गिअरमध्ये ठेवून उतरायचं. धुकं, समोर ज्योतिबाचा डोंगर, आणि इंजिन रोज थोडं मोकळं होत चाललेलं, पाण्यात पडलेलं पोर हळूहळू हात मारायला शिकतं तसं. खोटं नाही सांगत, गेल्या दहा वर्षातली माझी सगळ्यात चांगली सकाळ यातलीच कुठलीतरी असेल. दोनशे किलोमीटरला पहिलं ऑइल काढलं, फिल्टर कापून उन्हात धरला. बारीक चमक होती, ती असतेच. हजारला परत कापला. नव्हती.

त्या दिवशी गाडी घेऊन मामांकडं गेलो. मामा बाहेर आले, बॉनेट उघडायला सांगितलं नाही, आवाज ऐकला नाही, नवा कलर केलाय ते तर बघितलंच नाही. वाकले, सायलेन्सरमध्ये बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढून बघितलं. कोरडं, करडं. बोट लेंग्याला पुसलं. "बरं हाय," म्हणाले, आणि जेवायला आत गेले.

मला डायनोचा कागद कशाला पाहिजे सांगा.

पोराला मी नीट उत्तर दिलं नाही ही चूक झाली. साठ सेकंदाच्या सिग्नलला काय सांगणार होतो म्हणा, पण त्याच्या वयात मी पण मामांवर चिडून रिक्षा शोधतच होतो की, मला तरी कोण कळलेलं. नाही, त्याच्या वयात नाही, चाळिशीत. जाऊ दे.

रविवारी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सेट करतोय. इनटेकला वीस, एक्झॉस्टला पंचवीस शतांश मिलिमीटर. इंजिन गार पाहिजे, म्हणून सकाळी सहाला, नंतर आलं तर कव्हर लावलेलं असेल. पांढऱ्या हॅचबॅकवाल्याला कुणी ओळखत असेल तर त्याला टॅग करा. म्हणावं ये, फिलर गेज हातात देतो. गाडी मात्र गल्लीच्या तोंडाला लाव, शेजारी आजी झोपलेल्या असतात.