जुन्या निधनवार्ता रद्दीत घालू नका

कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून विदर्भातल्या गावोगावच्या आणि समाजासमाजाच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, म्हणणं तेच राहतं. घराण्याचा इतिहास हवा असेल तर तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावच्या कोतवालाकडच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची) नक्कल काढा, खरं काय ते तिथेच आहे. जुन्या पेपरातल्या निधनवार्ता शोधण्यात अर्थ नाही. त्या पाटील-मालगुजारांच्याच (मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार) छापून येत, त्यात ठरलेल्या चार वाक्यांपलीकडे काही नसतं, वय अंदाजपंचे असतं, बायांचा पत्ता लागत नाही, आणि तसेही जुने पेपर आता उरलेत कुठे. हे वाचून शहाणीसुरती माणसं ट्रंकेतली कात्रणं आणि तेरवीच्या पत्रिका रद्दीवाल्याला देऊ लागली आहेत. म्हणून एकेक मुद्द्याला उत्तर.

आधी कोतवाल बुकच घेऊ, कारण सगळा भार त्याच्यावर टाकलेला आहे. जातीच्या दाखल्यासाठी त्याचं मोल मोठं आहे, यात वाद नाही. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि खेड्यातल्या माणसाकडे त्याआधीचा सरकारी कागद बहुधा हाच असतो. पण दाखल्याला एक ओळ पुरते. घराण्याचा माग काढायला ती पुरत नाही. कोतवाल बुकातली जन्माची नोंद बहुतेक वेळा बारशाच्या आधी झालेली असते. म्हणून तिथे दिसतं ते इतकंच: अमका वल्द तमका (म्हणजे बाळाचा बाप आणि त्या बापाचा बाप), जात, गाव, मुलगा किंवा मुलगी झाली. बाळाचं नाव नाही. एका माणसाला पाच मुलं झाली असतील तर त्यातले तुमचे आजोबा कोणते, हे ती वही सांगत नाही. लग्नाची नोंद नाही. माणूस गाव सोडून गेला तर तो कुठे गेला, तेही नाही. मृत्यूच्या रकान्यात कारण म्हणून पानामागून पान ‘ताप’ लिहिलेलं असतं. देवी आणि पटकी ओळखू यायची. बाकी जे काही होतं ते तापात गेलं. कोतवालाला स्वतःला लिहिता येत नसेल तर पटवारी किंवा शाळेचे गुरुजी लिहून द्यायचे, आणि ते ज्या दिवशी भेटतील त्या दिवशी नोंद व्हायची.

१९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, तर नोंद ठेवणारेच अंथरुणाला खिळले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत देशातल्या सर्वाधिक माणसं गमावलेल्या भागांपैकी एक होता, आणि नेमक्या त्याच महिन्यांची पानं अनेक गावांत विरळ आहेत. तेव्हा सरकारी वही पक्की आणि बाकी सगळं कच्चं, ही वाटणी टिकत नाही. पुढे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला. तो १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात लागू झाला आणि खेड्यातली नोंद ग्रामपंचायतीकडे आली. साधारण त्याच सुमारास खेड्यातल्या निधनवार्ता पेपरात दिसू लागतात, आणि त्यांच्यात नातेवाईक आणि गावं एकत्र येतात. वहीत ती कधीच एकत्र येत नाहीत.

बड्या लोकांच्याच वार्ता छापत, हा आरोप एका काळापुरता खरा आहे. नागपुरात १९१४ साली गोपाळराव ओगल्यांनी ‘महाराष्ट्र’ सुरू केला तेव्हापासून पुढची कित्येक दशकं पेपर शहराचा होता. खेड्यातून त्यात यायचा तो मालगुजार, वकील किंवा चळवळीतला कार्यकर्ता. पण १९७१ मध्ये ‘लोकमत’ नागपूरहून दैनिक म्हणून निघू लागला, अकोला-अमरावतीहून जिल्ह्याची दैनिकं वाढली आणि चित्र पालटलं. तालुक्याचा वार्ताहर बहुतेकदा पेपरचा एजंटच असे, नाहीतर शाळामास्तर. तो बातम्यांचं पाकीट संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याला पाठवायचा. ज्या गावचं नाव छापून येई त्या गावात अंक जास्त खपत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे दिंडीचा विणेकरी, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा प्रचारक, भजनी मंडळातला मृदंगवाला, जिनिंगमधला जुना कामगार, निवृत्त गुरुजी अशा माणसांच्या वार्ता येऊ लागल्या. त्यांच्याकडे मालगुजारी नव्हती. गावात ओळख होती, तेवढी पुरली.

यातून कोण सुटलं, तेही सांगायला हवं. भूमिहीन मजूर, गोंड, कोलाम, भटक्या जमाती यांच्या वार्ता फार थोड्या आहेत. तिथे मजकुराचं म्हणणं बरोबर आहे, आणि तिथे शोध वयस्कर माणसांच्या तोंडूनच करावा लागतो. बौद्ध कुटुंबांची गोष्ट मात्र वेगळी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर विधी बदलले, नावं बदलली. त्यांच्या वार्तेत आणि पत्रिकेत तेरवी शोधाल तर काही सापडणार नाही. जलदान विधी, पुण्यानुमोदन या शब्दांवर नजर ठेवा. नोंदी आहेत. शोधणारे भलत्याच शब्दावर थांबतात आणि नाहीत म्हणून परत फिरतात.

आता ‘ठरलेल्या चार वाक्यां’बद्दल. या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. प्रतिष्ठित नागरिक, मनमिळाऊ स्वभाव, अल्पशा आजाराने, गावावर शोककळा. हे सगळ्यांच्या वाट्याला येतं आणि त्यातून काही कळत नाही, कबूल. पण वार्ता शेवटाकडून वाचायची असते. समजा, एका वार्तेत म्हटलंय की मृत गृहस्थ मूळचे दर्यापूर तालुक्यातले, राहणार मूर्तिजापूर, मागे पत्नी, दोन मुलं, तीन मुली, भाऊ, पुतणे, आणि तेरवी मूळ गावी. एवढ्यातून काय हाती लागलं? माणूस गाव सोडून आला. तरीही तेरवी मूळ गावी, म्हणजे भाऊबंद अजून तिथे आहेत आणि बहुधा वावरही. भाऊ जिवंत आहे, म्हणजे मागची पिढी विचारायला घर आहे. आता तुम्हाला दर्यापूरचा तलाठी गाठायचा आहे, मूर्तिजापूरचा नाही. ही दिशा कोतवाल बुकाने दिली नसती, कारण कोणत्या गावची वही उघडायची हेच माहीत नव्हतं.

तेरवीची पत्रिका तर वार्तेच्याही पुढे जाते. तिच्यात खाली शोकाकुल म्हणून जी नावं असतात ती कशीही टाकलेली नसतात. आधी भाऊ, मग मुलं, पुतणे, नातू, नंतर जावई, भाचे, व्याही, आणि बहुतेकांच्या नावापुढे गाव. भाऊबंद वेगळे आणि सोयरे वेगळे. अशी एक पत्रिका हाती आली की एका पिढीची अख्खी मांडणी हाती येते. ती लिहून देणारी माणसं अंगणात बसलेली असत, आणि कुणाचं नाव सुटलं तर पंगतीत रुसवा ठरलेला. त्यामुळे नावं तपासून घेतली जात.

एका वार्तेवर थांबू नका. नवरा गेला त्या वर्षीची आणि बायको गेली त्या वर्षीची, अशा दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात तीन मुलं आणि दुसरीत दोन असतील तर मधल्या काळात एक गेला, किंवा तुटला. पहिल्यात एक मुलगी अविवाहित आणि दुसरीत जावयांची संख्या वाढलेली, तर लग्न कधीच्या सुमारास झालं ते कळलं. घरात कुणी न सांगितलेली गोष्ट या दोन कागदांच्या फरकातून पुढे येते. ती समजली की लगेच गावभर सांगत सुटू नये. ज्यांची ती आहे त्यांना आधी विचारावं.

वयाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. ऐंशी, नव्वद, शंभर असे गोल आकडे म्हणजे घरच्यांचा अंदाज. पण वय हा निधनवार्तेचा कमजोर भाग आहे म्हणून तिची तारीख आणि गाव खोटं ठरत नाही. वय पडताळायचं तर शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा.

गावाच्या नावाला मात्र जपा. बोरगाव, वडगाव, हिवरा, पिंपळगाव विदर्भात ठिकठिकाणी आहेत. कंसातला शब्द सोडू नका: वर्ध्याजवळचं बोरगाव (मेघे) वेगळं, आणि एकट्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आणि पिंपळगाव काळे अशी दोन गावं. जिल्हाही तेव्हाचा धरा. गडचिरोली १९८२ पर्यंत चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात होती, वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यात, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात. १९७५ सालची अहेरीची वार्ता चंद्रपूर जिल्हा या मथळ्याखालीच सापडेल.

बायांचा पत्ता लागत नाही, हे वाक्य वाचून मला राग येतो, कारण लिहिणाऱ्याने शोध फक्त बाईच्या स्वतःच्या वार्तेत केलेला असतो. तिथे ती अमक्याच्या मातोश्री असते आणि माहेर गायब असतं, हे खरं. तिला तिच्या बापाच्या आणि भावाच्या वार्तेत शोधा. मागे बहीण, जावई, भाचे, त्यांची गावं, तिथे ती आहे. पणजीचं माहेर हरवलेलं असेल तर तिच्या सासरच्या कागदांत डोकं खुपसून उपयोग नाही. मुलाच्या तेरवीच्या पत्रिकेत मामा म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांचं आडनाव पाहा. तेच तिचं माहेर.

आणि वार्तेतून तारीख मिळाली की तलाठ्याकडे त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचे फेरफार, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदी, मागा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारस म्हणून लागू लागली. नंतर त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं गेलं असेल तर त्यात मुलीचं नाव, नवऱ्याचं नाव, राहणार कुठे, सगळं असतं. ज्या कागदाने तिचा वाटा गेला त्याच कागदात तिचा पूर्ण पत्ता शिल्लक आहे. जुन्या कागदांच्या बाबतीत आपला भाग कोणता हेही ध्यानात असू द्या. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या बाजूला १९५१ पर्यंत मालगुजारी होती, म्हणून तिथे बंदोबस्ताची मिसल (जमीन-साऱ्याच्या जुन्या पाहणीचे कागद) आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागावा लागतो.

राहिला जुने पेपर उरले नाहीत हा मुद्दा. उधई आणि गळक्या कौलांनी पुष्कळ खाल्लं, खरंच. पण बांधीव फाइली आहेत. दैनिकांच्या कचेऱ्यांत आहेत. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या जुन्या वाचनालयांत आहेत. १९२३ साली अमरावतीत स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचं नागपुरातलं ग्रंथालय आणि तिथलंच पुराभिलेखागार, दोन्हीकडे विचारणा करून पाहावी. तालुक्याच्या जुन्या छापखान्यात पत्रिकांचे नमुने ठेवलेले असतात. शिवाय समाजाची मासिकं, वधू-वर सूचीबरोबर श्रद्धांजलीची पानं देणारी, कुणाच्या तरी माळ्यावर असतात. आपल्या घरात पोथीच्या पानांत आणि भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीमागे पाहा.

तारीख माहीत नसताना फाइल उघडायची कशी, असं लोक विचारतात. म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, घटना विचारा. ‘मोवाड वाह्यलं ना, त्याच साली गेला बुढा, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी,’ असं कुणी आजी सांगते तेव्हा तिने तारीखच सांगितलेली असते. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा पूर ३० जुलै १९९१ चा. पोळा श्रावण अमावस्येला आणि तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी. त्या वर्षीचं पंचांग उघडलं की सप्टेंबरचा दुसरा आठवडा येतो. गाडगेबाबा गेले ते साल म्हणजे १९५६, तुकडोजी महाराज गेले ते १९६८, मोठा दुष्काळ १९७२ चा. पऱ्हाटीला बोंडं धरली होती म्हणजे पावसाळा सरला होता. घरात पितृपक्षात ज्या तिथीला पान वाढतात ती बहुधा मृत्यूची तिथी, आणि साल, महिना, पक्ष कळला की तिथीवरून तारीख निघते. खेड्याची वार्ता त्याच दिवशी छापून येत नसे, म्हणून तिथून पुढचे पंधरा दिवस, तेरवी होऊन जाईपर्यंतचे अंक पाहायचे. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी त्याच सुमारास प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात शोधायची.

सापडली की फक्त वार्तेचा फोटो काढून निघू नका. पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असा पानाच्या माथ्याचा एक फोटो, पूर्ण पानाचा एक, आणि मग वार्तेचा जवळून. घरच्या कात्रणावर तारीख नसेल तर ते उलटून मागची बाजू वाचा. सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, निवडणुकीची बातमी, त्यावरून साल ठरवता येतं. त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. साध्या कोऱ्या कागदात घडी न घालता ठेवा आणि पाकिटावर कोण, कुठलं, कुणाकडून मिळालं ते पेन्सिलीने लिहा.