समुद्राने कचरा ‘परत’ केला, त्या फॉरवर्डबद्दल

जूनमधली पहिली उधाणाची भरती आली आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून लाटेबरोबर पिशव्या-बाटल्या रस्त्यावर पडल्या की दुसऱ्या दिवशी तो फॉरवर्ड येतोच येतो. दरवर्षी तोच, वर फक्त साल बदललेलं. ज्यांना आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा कचरा आपला नाहीच, जहाजं आणि आखाती देश टाकतात तो वाहत येतो. पॅसिफिकमध्ये कचऱ्याचं बेट झालंय ज्यावर माणूस चालू शकतो, आता अरबी समुद्रातपण तसंच होतंय आणि ते सॅटेलाइटवरून दिसतं. उरलेला कचरा गणपती विसर्जनाचा. हॉलंडच्या १८ वर्षांच्या पोराने मशीन काढलंय, ५ वर्षांत अर्धा कचरा साफ होईल, तर सरकारने ते आणावं. आणि शेवटी बीच साफ करणाऱ्यांना टोमणा, की हे सगळं फोटोसेशन आहे, पुढच्या भरतीला परत जैसे थे. खाली एक फोटो, होडीत बसलेला माणूस आणि चारी बाजूंनी नुसता कचरा.

फोटोपासूनच सुरू करू. तो मनीलाच्या बंदरातला आहे, भर समुद्रातला नाही. फिलिपिन्सची पासिग नदी शहराची सगळी घाण घेऊन तिथेच मनीला बेमध्ये उतरते. म्हणजे जो फोटो दाखवून हे लोक कुठेतरी लांब समुद्रात बेट आहे म्हणतायत तोच फोटो सांगतोय की कचऱ्याचा खरा दाट थर शहराच्या दारात असतो.

पॅसिफिकमधला कचऱ्याचा तो पट्टा खोटा नाहीये. १९९७ मध्ये चार्ल्स मूर नावाचा अमेरिकन खलाशी आपली बोट घेऊन तिथून गेला आणि तेव्हापासून त्याची चर्चा आहे. पण त्याला बेट म्हणणं म्हणजे कमाल आहे. २०१८ च्या अभ्यासात क्षेत्रफळ धरलंय १६ लाख चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट, आणि त्यात प्लास्टिक ७९ हजार टन. भागाकार करून बघा, एका चौरस किलोमीटरला ५० किलोच्या आसपास येतं. म्हणजे शिवाजी पार्कएवढ्या पाण्यावर सरासरी साडेपाच किलो, त्यातही जवळपास निम्मं वजन मासेमारीच्या जाळ्यांचं. चालणार कशावर?

आणि अरबी समुद्रात तसा पट्टा का नाही, हे तर नकाशा बघूनच कळतं. पॅसिफिकमध्ये प्रवाह वर्षानुवर्षं एकाच दिशेने मोठं रिंगण घालतात आणि तरंगणारं हळूहळू मधे ओढलं जातं, असे पाच पट्टे जगात आहेत, त्यातला हिंदी महासागराचा विषुववृत्ताच्या खाली, दक्षिणेत आहे. आपल्याकडे वर आशिया आडवा पडलाय, रिंगणाला जागाच नाही, त्यात मान्सून. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे जातो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उलटा, उत्तरेकडे. सहा महिन्यांनी दिशा बदलणाऱ्या पाण्यात कायमचा ढीग साठणार कसा?

मग आपला कचरा जातो कुठे? मला वाटतं खरी गोम इथेच आहे आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाहीये. तो फारसा कुठे जातच नाही. २०२१ मध्ये जगभरच्या किनाऱ्यांचं एक कॉम्प्युटर मॉडेल झालं, त्यात जमिनीवरून आलेल्या तरंगत्या प्लास्टिकपैकी किमान ७७ टक्के पाच वर्षांनंतरसुद्धा एकतर किनाऱ्यावर पडलेलं नाहीतर किनाऱ्याजवळच्या पाण्यात निघालं. ओहोटीला बाहेर, भरतीला आत, दिवसातून दोनदा. खाडीचं गढूळ पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्याला जिथे भिडतं तिथे फेसाची एक लांब रेघ दिसते, बोटीतून जाताना बघा कधी, पिशव्या, चपला, थर्माकोल सगळं त्या रेघेत ओळीने लागलेलं असतं कारण दोन्हीकडचं पाणी तिथे येऊन खाली दबतं आणि तरंगणारं वर अडकून राहतं. वाऱ्यानेपण अशाच समांतर रेघा पडतात. मग पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा हे सगळं किनाऱ्यावर आणून टाकतो. ऑगस्टच्या सुमाराला जुहू-गिरगावला ते निळे, डंख मारणारे ब्लू बॉटल येतात ना, तेही याच वाऱ्याने येतात.

आता ‘आपला नाहीच’. पावसाळ्यात दादर नाहीतर माहीमच्या चौपाटीवर भरतीची जी ओळ राहते तिथे पाच मिनिटं वाकून बघा. शाम्पूचे सॅशे, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, बाटल्यांची झाकणं. झाकणं खूप आणि बाटल्या त्या मानाने कमी, कारण झाकणाचं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं आणि बाटलीचं जड, बूच निघालं आणि पाणी भरलं की बाटली तळाला. पुड्यांवरचं वाचा. पाच रुपये एमआरपी छापलेली पुडी दुबईहून येत नाही हो.

ती येते नाल्यातून. मुंबईच्या पावसाळी नाल्यांची समुद्रात उघडणारी मुखं १८६, त्यातली फक्त ६ मोठ्या भरतीच्या पातळीच्या वर आहेत. भरतीला पाणी बाहेर पडत नाही, कचरा आत तुंबून राहतो, आणि ओहोटी लागली की सगळा एकदम सुटतो. उल्हास नदीचं बघा. राजमाचीच्या बाजूने उतरते, कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत वसईच्या खाडीला जाते. समुद्रात सगळ्यात जास्त प्लास्टिक नेणाऱ्या नद्यांचा जगभराचा अंदाज २०२१ मध्ये आला तेव्हा पासिग पहिली होती आणि आपली उल्हास अगदी वरच्या नंबरांत. गंगेपेक्षा कितीतरी छोटी नदी! पण शहर काठावर, समुद्र जवळ आणि पाऊस धो-धो, एवढं पुरतं. ‘दहा नद्या ९० टक्के कचरा आणतात’ हा अजून एक फॉरवर्ड फिरत असतो, त्याचाही निकाल याच अभ्यासात लागतो कारण नद्यांतून येणाऱ्या ८० टक्क्यांसाठी हजारावर नद्या मोजाव्या लागल्या.

जहाजं अगदी धुतल्या तांदळासारखी आहेत असं मी म्हणत नाहीये. मेच्या शेवटी गोव्याच्या आणि कोकणातल्या वाळूत पायाला चिकटणारे डांबराचे गोळे येतात त्यात जहाजांच्या तेलाचा वाटा आहेच. २५ मे २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडालं तेव्हा प्लास्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर पसरले आणि ते वाळूतून वेचताना लोकांचा जीव मेटाकुटीला आला. त्याआधी २०२१ मध्ये कोलंबोसमोर एक्स-प्रेस पर्ल या जहाजाचंही तेच. हे अपघात भयंकरच आहेत, पण जहाजातून प्लास्टिक फेकायला १९८८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे आणि दरवर्षी जूनमध्ये न चुकता जो ढीग येतो तो काही अपघाताने येत नाही.

विसर्जनाचं एका ओळीत: गणपती भाद्रपदात बसतात, मरीन ड्राइव्हवर कचरा ज्येष्ठ-आषाढात येतो. पीओपीबद्दल वेगळं भांडू, मी तयार आहे.

मशीनवर जरा वेळ घालवावा लागेल कारण सगळ्यात जास्त लाइक त्यालाच असतात. पोराचं नाव बोयान स्लॅट, २०१२ मध्ये अठराव्या वर्षी त्याने भाषण दिलं, पुढच्या वर्षी ओशन क्लीनअप संस्था काढली. ‘५ वर्षांत अर्धं’ हे तेव्हाच्या त्यांच्या जाहिरातीतलं वाक्य, आणि तेही फक्त पॅसिफिकच्या त्या पट्ट्यापुरतं. सप्टेंबर २०१८ मध्ये ६०० मीटरची तरंगती नळी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली, प्लास्टिक आत टिकेना, डिसेंबरमध्ये टोकाचा तुकडा तुटला, जानेवारीत ओढत हवाईला नेली. पठ्ठे तरी मागे हटले नाहीत, २०२१ पासून दोन जहाजांनी जाळं ओढून ते खरंच प्लास्टिक काढतायत आणि त्याबद्दल मान आहेच. पण फॉरवर्डवाले एक सांगत नाहीत की २०१९ पासून ही संस्था स्वतःच नद्यांमध्ये उतरलीय, जकार्ता, मलेशियातली क्लांग, कारण भर समुद्रात वेचत बसण्यापेक्षा नदीच्या तोंडाशी अडवलेलं परवडतं. बाल्टिमोरला तर २०१४ पासून एक पाणचक्की हेच काम करतेय, वर दोन मोठे डोळे लावलेत, पोरं बघायला येतात.

आणि ते जाळं आपल्याकडे आणलं तर चालवणार कधी? कचरा येतो जून-जुलैत, तेव्हा समुद्र इतका खवळलेला असतो की मासेमारी बंद आणि होड्या शाकारून किनाऱ्यावर. आपल्याला लागतात नाल्याच्या तोंडाशी तरंगते अडसर, आणि ते नुसते बांधून उपयोग नाही, मागे साठलेलं रोज उचलायला माणसं आणि गाडी हवी. नाहीतर एका जोरदार पावसात अडसरासकट सगळं खाडीत.

राहिला फोटोसेशनचा टोमणा. काही ठिकाणी आहेच तसं, खोटं कशाला बोलू. टी-शर्ट, बॅनर, तासभर वेचणं, ग्रुप फोटो, आणि भरलेल्या गोण्या तिथेच वाळूवर ठेवून मंडळी नाश्त्याला! रात्रीची भरती गोण्या फोडते. गोणी भरतीच्या ओळीच्या वर जाऊन गाडीत चढली तरच ती मोजायची असं माझं मत आहे. पण म्हणून वेचणंच फुकट हे गणित चुकीचं आहे. तरंगणारा माल मुख्यतः किनाऱ्यावरच येऊन पडत असेल तर वेचायची सगळ्यात सोपी जागा तीच, पायाखाली, बोट नको, डिझेल नको. वर उन्हात पडलेली पिशवी काही महिन्यांत कडक होते, हातात धरली तर चुरा होतो, आणि तो चुरा कुठलंच मशीन वेचू शकत नाही. आज एक पिशवी उचलणं सोपं की नंतर तिचे हजार तुकडे? वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी सुरुवात केली, लोक वर्षानुवर्षं शनिवार-रविवार उतरत राहिले, आणि मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दिसली, वीसेक वर्षांनंतर. कचरा तिथे आजही पावसाळ्यात येतो. घरचा केर रोज निघतो म्हणून झाडू कोणी फेकत नाही.

तिवरांत मात्र खरंच अवघड आहे. चिखलातून वर आलेल्या मुळ्यांच्या खुंट्यांना पिशव्या गुंडाळलेल्या असतात, ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, हातानेच, ओहोटीच्या दोन-तीन तासांत जेवढं होईल तेवढं.

आणि पैसे कुठे घालायचे हे मला विचाराल तर मी बंदराकडे बोट दाखवीन. आपल्या कोळी लोकांचं डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीतच लावलेलं असतं, बोंबील आणि जवळ्याबरोबर त्यात पिशव्याही भरतात, त्या निवडत बसण्यात वेळ जातो आणि बंदरावर टाकायला जागा नसली तर परत पाण्यात. म्हणजे मशीन शोधताय ते रोज समुद्रात जातंच आहे. केरळमध्ये कोल्लमच्या शक्तिकुलंगरा बंदरात २०१७ मध्ये हेच सुरू केलं, ‘शुचित्व सागरम’ नाव, बोटींना पिशव्या दिल्या, जाळ्यात आलेलं प्लास्टिक किनाऱ्यावर आणायचं, तिथे बायका ते निवडून धुवायच्या, मशीनमध्ये बारीक व्हायचं आणि रस्त्याच्या डांबरात जायचं. याचा फॉरवर्ड मला आजपर्यंत एकदाही आलेला नाही.