पील गोळीने नव्हे, देवीने गेले

१८५७ च्या उठावात ‘शॅनन’ या आपल्या युद्धनौकेच्या खलाशांसह इंग्रजांच्या बाजूने लढलेले ब्रिटिश नौदल अधिकारी सर विल्यम पील यांना ‘लखनौच्या रणांगणावर वीरमरण आले’ हे त्यांच्यावरील लेखातील विधान चुकीचे आहे. मार्च १८५८ मध्ये लखनौच्या चढाईत त्यांच्या मांडीत गोळी घुसली हे खरे, पण त्या जखमेतून ते सावरत होते. २७ एप्रिल १८५८ रोजी कानपूरला त्यांचा अंत झाला तो देवीच्या रोगाने, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी. त्यांना नेण्यासाठी ‘शॅनन’ जहाजाच्या सुतारांनी अवधच्या नवाबाची एक बग्गी आतून निळे कापड लावून तयार केली होती; परंतु आपल्या खलाशांप्रमाणेच आपणही डोलीतून जाऊ, असे म्हणून त्यांनी ती नाकारली, आणि वाट्याला आलेल्या डोलीतून आधी देवीचा रुग्ण नेलेला असावा, असे त्यांच्या सोबत्यांना वाटले.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते आणि त्या साथीत गेलेल्या धाकट्या भावाचे नाव तिने शेवटपर्यंत कधी उच्चारले नाही, म्हणून हा तपशील मला किरकोळ वाटत नाही. क्रिमियाच्या युद्धात सेवास्तोपोलला जळत्या वातीचा तोफगोळा उचलून तटाबाहेर फेकणाऱ्या आणि त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळवणाऱ्या माणसाचा घात एका डोलीने केला असेल, तर त्याच्या चरित्रात ती डोली यायलाच हवी. शिवाय, लखनौमधील शाह नजफ या मकबऱ्यासमोर तोफेवरचे बहुतेक साथीदार पडल्यावरही ती चालवत राहिलेला, पील यांच्याच तुकडीतील कृष्णवर्णीय खलाशी विल्यम हॉल यालाही तोच सन्मान मिळाला. लेखात त्याचे नावही नाही, याचे मला फार वाईट वाटले.