फोन हातात होता

नशा करून फक्त स्वतःचं वाटोळं करणाऱ्याला गुन्हेगार ठरवावं का, या वादाला तोंड फोडलं वकिलाने. (तो खरोखरच वकील आहे, कट्ट्यावर त्याचं नाव कुणी घेत नाही.) "स्वतःच्या जिवाशी खेळणाऱ्याला धाक हवाच. सीटबेल्टचं बघा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये सक्ती केली, मग एकेक देश त्याच वाटेने गेला. समजावून कोण ऐकतं?"

"तो दंड होता रे," ताई म्हणाली. ती नर्स आहे, तिची अर्धी हयात आयसीयूत गेली. "पावती फाडली की माणूस घरी जातो. गुन्हेगार म्हणून नोंद झाली की नोकरी मागताना ती आडवी येते."

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला सोडायचं नाही, यावर सगळ्यांचं पटकन एकमत झालं. समोरून येणाऱ्याने तो धोका पत्करलेला नसतो. घोडं अडलं ते नशा करून फक्त स्वतःचं वाटोळं करणाऱ्यापाशी.

मी सहसा ऐकून घेतो. त्या दिवशी राहवलं नाही. कॉलेजात असताना खोलीवर एक मित्र काहीतरी घेऊन कोसळला. ओठ निळसर, श्वास मध्येच अडकायचा, मग घरघर. आम्ही चौघे होतो, फोन माझ्या हातात होता. आणि आम्ही आधी टेबल आवरलं. पुड्या गोळा केल्या, खिडकी उघडली, मग ॲम्ब्युलन्स बोलावली. तो वाचला, पण त्या आवराआवरीची लाज मला आजही वाटते.

"म्हणून तर अमेरिकेत न्यू मेक्सिकोने २००७ मध्ये कायदा केला," ताई म्हणाली. "ओव्हरडोस झालेल्यासाठी मदत मागितली, तर जवळ माल सापडला म्हणून खटला नाही. पोर्तुगाल तर त्याआधीच, २००१ मध्ये, पुढे गेला. दहा दिवसांच्या वापराइतका साठा असेल तर तो फौजदारी गुन्हा नाही. विकणाऱ्याला मात्र तुरुंग आहेच."

वकील याचीच वाट बघत होता. "आणि अमेरिकेतलंच ओरेगॉन राज्य? २०२१ पासून तिथेही सूट दिली. २०२४ मध्ये पुन्हा गुन्हा ठरवावा लागला!"

मुद्दा बिनतोड होता आणि तो टाळू नये असं मला वाटतं. ताईनेही टाळला नाही. ओरेगॉनमध्ये शंभर डॉलरचा दंड होता, हेल्पलाइनला फोन केला की माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उपचारांचा पैसा उशिरा पोहोचला आणि नेमका त्याच काळात फेंटानिल हा अतिशय जहाल अमली पदार्थ पसरला. पोर्तुगालमध्ये पकडलेल्याला समितीपुढे जावंच लागतं. तिथे कायदा, मानसोपचार, समाजकार्य जाणणारी माणसं समोर बसतात आणि व्यसनी असेल तर उपचारांकडे वळवतात.

"म्हणजे सक्ती आलीच की."

"आली ना. पण हातात बेड्या पडत नाहीत. ओरेगॉनने शिक्षा काढली, तिच्या जागी धड काही ठेवलं नाही."

माझं मत तिच्या बाजूने झुकतं. जो कायदा माणसाला ऐन संकटात लपायला लावतो, तो त्याचा जीव वाचवायला आलेला नाही.

वकील थोडा वेळ गप्प होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टेबल आवरायला किती वेळ गेला?"

"सात-आठ मिनिटं असतील."

"श्वास पूर्ण बंद पडला असता, तर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागली असती," ताई हळूच म्हणाली.

"कायदा माहीत होता तुम्हाला?" वकिलाने विचारलं.

"कलम नव्हतं माहीत. पोलीस येतील, एवढंच माहीत होतं."